कानावरचे कवच आणि पिशवीतले कार्ड : वर्षभराच्या वापरानंतर

हे परीक्षण दोन वस्तूंचे आहे. पहिली आम्ही विकत घेतली, दुसरी छापून घेतली. पहिली वस्तू म्हणजे लहान मुलांसाठी मिळणारे, आवाज अडवणारे कानकवच, ज्याला दुकानात इअरमफ म्हणतात. दुसरी म्हणजे कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका छोट्या छापखान्यातून करून घेतलेले, व्हिजिटिंग कार्डाच्या मापाचे मराठी कार्ड. आमचा मुलगा भर रस्त्यात अनावर झाला की आम्ही ते भोवती जमलेल्या माणसांच्या हाती देतो. दोन्ही वस्तू गेले वर्षभर रोजच्या पिशवीत आहेत आणि महाद्वार रोड, रंकाळा, खासबागेतली भेळ, केएमटीची बस, लग्नाची कार्यालये अशा सगळ्या ठिकाणी वापरून झाल्या आहेत. ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांचे पैसे आणि त्याहून अधिक त्यांचे मनस्ताप वाचावेत, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि तो स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक आहे. तो बोलतो, पण मोजके बोलतो. गर्दीत फार वेळ गेला की तो दोन्ही हात कानांवर ठेवून 'डोकं भरलं' असे म्हणतो, आणि ते ऐकल्यावर आमच्या हाती एखाद-दोन मिनिटे असतात. त्या वेळात बाहेर पडता आले तर ठीक. नाही आले तर तो जमिनीवर बसतो, किंचाळतो, स्वतःच्या मनगटाला चावतो. याला मेल्टडाऊन म्हणतात. हट्ट आणि मेल्टडाऊन बाहेरून सारखे दिसतात, आणि आमच्या वाट्याला येणाऱ्या जवळजवळ सगळ्या बोलण्याचे मूळ या सारखेपणात आहे. हट्ट करणारे मूल रडता रडता आई बघते आहे ना, हे पाहून घेते आणि हवे ते हाती पडले की थांबते. मेल्टडाऊनमध्ये मुलाला काही हवे नसते. आवाज, उजेड, वास, अंगाला लागणारे धक्के यांतले नको ते बाजूला सारण्याचे काम आपला मेंदू आपल्या नकळत करत असतो. ते काम जिथे नीट होत नाही, तिथे सगळे एकदम आत येते आणि एका क्षणी मूल कोसळते. मग त्याला समजावणे, दरडावणे किंवा चॉकलेट दाखवणे म्हणजे त्या भरलेल्या डोक्यात आणखी भर घालणे होय. आवाज कमी होणे, जागा मिळणे आणि वेळ जाणे, एवढेच उपाय आहेत.

पाहणाऱ्याला यातले काहीही दिसत नाही. चाकाची खुर्ची दिसते, पांढरी काठी दिसते. नसीमा हुरजूक यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' या संस्थेमुळे कोल्हापूरला चाकाच्या खुर्चीतली कर्तबगार माणसे नवी नाहीत, आणि अशा माणसाला वाट करून देताना मी या शहरात अनेकांना पाहिले आहे. पण जे अपंगत्व चेहऱ्यावर, हातापायांवर कुठेच दिसत नाही, त्याला वाट कशी करून द्यावी हे लोकांना माहीत नसते. मग ती जागा सल्ल्यांनी भरते. 'दोन ठेवून द्या, गप बसतंय.' 'लई मोबाईल दिला आसंल.' 'दृष्ट काढा ओ, कुणाची तरी नजर लागलीया.' एका बाईंनी तर माझ्या देखत त्याचा दंड धरून त्याला उभे केले आणि पुढची वीस मिनिटे आम्हाला त्याला सावरता आले नाही. या बोलण्यांत दुष्टपणा क्वचितच असतो, हे मी आज सांगू शकते. त्या वेळी रस्त्यावर बसलेल्या आईला तो फरक कळत नाही.

आता कानकवचाविषयी. आम्ही घेतलेले कवच साधारण बाराशे रुपयांचे आहे, डोक्यावरून जाणारी पट्टी आणि दोन्ही कानांवर मऊ गाद्या असे त्याचे रूप आहे, आणि पाकिटावर २५ डेसिबल, म्हणजे आवाज तेवढा कमी होतो, असा आकडा छापलेला होता. हा आकडा प्रयोगशाळेतला असतो. घाम आलेल्या, मान हलवणाऱ्या, केस वाढलेल्या मुलाच्या डोक्यावर तो तेवढा मिळत नाही. तरीही फरक मोठा आहे, कारण डेसिबलचे मोजमाप साध्या वजाबाकीसारखे चालत नाही. १० डेसिबल कमी झाले की आवाजाची तीव्रता एक दशांश होते आणि कानाला तो साधारण निम्मा वाटतो. घरात मिक्सर आणि कुकरची शिट्टी, बाहेर हॉर्न, भांड्यांच्या दुकानातला खणखणाट, कार्यालयातली पंगत, या सगळ्यांसाठी हे कवच उत्तम आहे. पूर्वी मंगल कार्यालयात आम्ही अक्षता पडायच्या आत परत फिरत असू. गेल्या वर्षी तीन लग्ने जेवणासकट पार पडली.

जिथे ते कमी पडते, ती बाब मात्र कोल्हापुरात राहणाऱ्याने आधी जाणून घेतली पाहिजे. अशी कवचे उंच पट्टीचे आवाज चांगले अडवतात, पण खर्जातले आवाज त्यांच्यातून बरेचसे आत येतात, आणि डॉल्बीचा दणका तर कानापुरता राहतच नाही, तो छातीत आणि पायांखालच्या जमिनीत जाणवतो. गणपतीच्या मिरवणुकीला कवच घालून नेऊ, असा विचार कोणी करत असेल तर कृपया करू नये. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. मिरवणुकीच्या मार्गावर उभे राहिल्यावर ती कुठे राहते हे सगळ्यांना ठाऊक आहे. विसर्जनाच्या दिवशी आम्ही सकाळीच माझ्या माहेरी जातो आणि दुसऱ्या दिवशी परततो. यावर कोणतेही कवच चालत नाही.

उन्हाळ्यात, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, गाद्यांखाली घाम साचतो आणि वीस-पंचवीस मिनिटांनी मुलगा कवच भिरकावतो. आम्ही जुन्या मलमलीच्या धोतराचे दोन गोल शिवून गाद्यांवर चढवले, ते रोज धुता येतात आणि त्याला त्यांचा स्पर्शही आवडतो. पट्टीचा ताण सुरुवातीला फार होता, म्हणून रात्रभर कवच एका जाड पुस्तकावर ताणून ठेवले, तेव्हा ते सैल झाले. आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी एक गोष्ट बजावून सांगितली आहे, ती इथे सांगणे माझे कर्तव्य आहे: कवच दिवसभर घालू द्यायचे नाही. कान सतत झाकलेले राहिले तर साधे आवाजही अधिक टोचू लागतात. म्हणून ते पिशवीत असते, गरजेला निघते आणि गरज संपली की परत जाते.

या कवचाचा दुसरा उपयोग आम्हाला दुकानदाराने सांगितला नव्हता आणि तोच मला जास्त मोलाचा वाटतो. ते घातलेले मूल वेगळे दिसते. पिवळ्या रंगाचे मोठे कवच कानांवर असलेला मुलगा रडू लागला की बघणाऱ्याच्या मनात 'लाडावलेला आहे' याच्या आधी 'याला काहीतरी होत असावे' असा विचार येतो, आणि तेवढ्याने पुढचे सगळे बदलते. 'गाणी ऐकतोय व्हय?' असे विचारणारे भेटतात. त्यांना 'नाही, आवाज सहन होत नाही म्हणून आहे' एवढे एक वाक्य पुरते. विकत घेणार असाल तर काळे किंवा राखाडी घेऊ नका. ते गाण्याच्या हेडफोनसारखे दिसते आणि मग उलट बोलणी बसतात की एवढ्याशा पोराला हे कशाला.

कार्डाची गोष्ट अधिक लांबीची आहे, कारण आजचे कार्ड हे तिसरे आहे आणि पहिली दोन फसली.

पहिले कार्ड मी अतिशय आस्थेने लिहिले होते. त्यात अकरा ओळी होत्या. ऑटिझम म्हणजे काय, तो आजार नसून मेंदूच्या घडणीतला फरक कसा आहे, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत त्याचा समावेश कसा आहे, हे सर्व मी बारीक अक्षरांत बसवले. कोणीही ते पूर्ण वाचले नाही. समोर मूल किंचाळत असताना माणूस दोन ओळींपलीकडे जात नाही, आणि ज्यांनी पहिली ओळ वाचली त्यांचा 'स्वमग्नता' या शब्दाने गोंधळ झाला. हा शब्द सुंदर आहे, पण ज्याने तो आधी ऐकलेला नाही त्याला त्यातून आपल्यातच रमलेले, शांत मूल डोळ्यांसमोर येते. 'स्वमग्न हाय म्हणता, मग एवढं वरडतंय कशानं?' असा प्रश्न एका आजोबांनी मला अगदी मनापासून विचारला होता, आणि त्यांचे चुकले असे मला वाटत नाही.

दुसऱ्या कार्डात मी चूक उलटी केली. ते अवघे चार ओळींचे होते आणि सुरुवात 'क्षमस्व' अशी होती. आपल्याला होणाऱ्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत, कृपया समजून घ्यावे, अशी त्याची भाषा होती. हे कार्ड लोकांनी वाचले, आणि वाचून त्यांचा आवाज चढला. माफी मागितली म्हणजे अपराध झाला, हे साधे गणित आहे; अपराध झाला म्हणजे क्षमा करण्याचा आणि त्यासोबत चार शब्द सुनावण्याचा अधिकार समोरच्याकडे जातो. एका कापड दुकानात (नाव लिहीत नाही, कारण दुकानाशी माझे भांडण नाही) ते कार्ड वाचून गल्ल्यावरच्या गृहस्थांनी मला सांगितले की अशा मुलांना घरी ठेवूनच खरेदीला यावे. त्या रात्री उरलेली सगळी कार्डे मी फाडली. माझ्या मुलाने जगात असण्याबद्दल मी माफी मागत फिरत होते, हे मला त्या दिवशी कळले आणि ते अजूनही सलते.

तिसऱ्या कार्डाचे श्रेय छापखान्याच्या मालकांचे आहे. नवा मजकूर घेऊन गेले तेव्हा त्यांनी चष्मा वर करून तो वाचला आणि म्हणाले, 'ताई, काय झालंय ते वाचायला कोण थांबतंय? लोकांनी काय करायचं ते लिवा की.' तिथेच उभ्या उभ्या आम्ही दोघांनी मिळून तो मजकूर पुन्हा लिहिला. आज कार्डावर पुढच्या बाजूला आहे ते असे: 'माझ्या मुलाला आवाज आणि गर्दी सहन होत नाही. हा हट्ट नाही. थोड्या वेळाने तो शांत होईल. त्याला हात लावू नका, त्याच्याशी बोलू नका, व्हिडिओ काढू नका.' आणि मागच्या बाजूला, मोठ्या अक्षरांत: 'मदत करायची आहे? जवळचा स्पीकर किंवा गाडी बंद करायला सांगा. आमच्याभोवती चार पावले जागा मोकळी ठेवा. धन्यवाद.'

मागच्या बाजूने जे केले, ते पुढच्या बाजूने कधीच केले नसते. रस्त्यात मूल कोसळलेले पाहिल्यावर बहुतेक माणसांना काहीतरी करावेसे वाटते आणि काय करावे हे माहीत नसते. ती अस्वस्थता मग सल्ला होऊन तोंडावाटे बाहेर पडते. तिला काम दिले की ती सल्ला देत नाही. नवरात्रात भवानी मंडपाजवळ मुलगा खाली बसला तेव्हा शेजारीच खेळण्यांच्या गाडीवर भोंगा चालू होता. कार्ड एका तरुण मुलाच्या हाती पडले, त्याने पुढची बाजू वाचली, उलटले, मागची वाचली, आणि पुढच्या क्षणी तो ओरडत होता, 'ए भावा, भोंगा बंद कर आधी! मागं सरका रं समदी!' त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी आमच्याकडे पाठ करून कडे केले. आमच्याकडे पाठ केली, ही गोष्ट मी विसरू शकत नाही. बघणाऱ्यांचे डोळे अडवायला हवेत हे कार्डावर कुठेही लिहिलेले नव्हते, ते त्याला आपोआप सुचले. सात-आठ मिनिटांत मुलगा शांत झाला, माझ्या मांडीवर डोके टेकून पडून राहिला, आणि ती मुले आमचे आभार ऐकायलाही थांबली नाहीत.

कार्ड कोणी द्यायचे, हा प्रश्न मजकुराइतकाच महत्त्वाचा आहे. त्या वेळी माझे दोन्ही हात मुलाच्या डोक्याखाली असतात, कारण तो डोके आपटून घेऊ शकतो. म्हणून चार-पाच कार्डे एका रिंगेत ओवून माझ्या पिशवीच्या बंदाला बाहेरून लावलेली असतात आणि मी जवळच्या माणसाला 'हे वाचा' एवढेच म्हणते. कार्ड मुलाच्या गळ्यात अडकवावे, असे अनेकांनी सुचवले. परदेशात गॅटविक विमानतळावर २०१६ मध्ये न दिसणाऱ्या अपंगत्वासाठी सूर्यफुलांची चित्रे असलेला हिरवा गळपट्टा सुरू झाला आणि तो पुढे कितीतरी देशांत गेला. आपल्याकडे बंगळूरच्या विमानतळानेही तो स्वीकारला आहे. त्या गळपट्ट्यात मला एक गोष्ट फार शहाणपणाची वाटते: तो घालणाऱ्याला काय झाले आहे हे सांगत नाही, थोडा अधिक वेळ आणि थोडी मदत लागेल एवढेच सांगतो. पण त्याचा अर्थ समजणारा कर्मचारी समोर लागतो, आणि लक्ष्मीपुरीच्या बाजारात तो नसतो. शिवाय शब्दांत लिहिलेली पाटी नऊ वर्षांच्या मुलाच्या गळ्यात घालणे मला मान्य नाही. ती आईच्या पिशवीला असावी. मुलगा मोठा झाल्यावर त्याने काय गळ्यात घालायचे ते तो ठरवेल.

कायद्याचा उल्लेख कार्डावर असावा असेही एका परिचिताचे म्हणणे होते. २०१६ च्या त्या कायद्याच्या कलम ९२ नुसार, अपमान करण्याच्या हेतूने दिव्यांग व्यक्तीचा लोकांसमोर मुद्दाम पाणउतारा करणे हा गुन्हा आहे आणि त्याला किमान सहा महिन्यांची, कमाल पाच वर्षांची कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. प्रत्येक पालकाला हे माहीत असले पाहिजे, आणि गरज पडली तर त्याने ते कलम तोंडाने उच्चारायला कचरू नये. तरीही ते कार्डावर छापलेले नाही. धाक दिलेला माणूस बाजूला सरतो खरा, पण तो भोंगा बंद करायला धावत नाही. मुलाचे युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचे सरकारी ओळखपत्र, मात्र मी बरोबर ठेवते. बसमध्ये किंवा तिकीट खिडकीवर कोणी अडून बसले तर ते दाखवले की वाद तिथेच संपतो.

छपाईबद्दल थोडे. जाड आर्ट कार्डावर मॅट लॅमिनेशन घ्यावे, चकचकीत घेऊ नये. दुकानातल्या दिव्याखाली चकचकीत कार्ड वाचता येत नाही. कोपरे गोल करून घ्यावेत, आमच्या पहिल्या कार्डाच्या टोकदार कोपऱ्याने मुलाच्या गालावर ओरखडा उठला होता. अक्षर शक्य तेवढे मोठे हवे, कारण सल्ले देणाऱ्यांत वडीलधारे अधिक असतात आणि त्यांचा वाचायचा चष्मा घरी असतो. ५०० कार्डांना आम्हाला साधारण नऊशे रुपये पडले. कार्डे परत मागू नयेत. भाजी विकणाऱ्या एका मावशींनी आमचा प्रकार पाहिल्यावर बहिणीच्या नातवासाठी तीन कार्डे मागून घेतली आणि त्यातले 'माझ्या मुलाला' खोडून 'नातवाला' असे पेनाने लिहून देण्यास मला सांगितले.

कार्ड जिथे चालत नाही, ती ठिकाणेही सांगितली पाहिजेत. रात्री अंधारात ते निरुपयोगी आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ते निरुपयोगी आहे. तिथे माझी मोठी मुलगी मागची बाजू मोठ्याने वाचून दाखवते. ती तेरा वर्षांची आहे. भावाचे काही बिनसले की पूर्वी ती लाजेने दूर जाऊन उभी राहायची, आता हातात कार्ड असल्यामुळे तिला बोलायला शब्द असतात, आणि केवळ एवढ्यासाठीही मी नऊशे रुपये पुन्हा खर्च करीन. जे नातेवाईक मुलाला ओळखतात आणि तरीही मानत नाहीत, त्यांच्यावर कार्डाचा काही परिणाम होत नाही. त्यांना मी आता देतही नाही.

सगळ्यात मोठी उणीव भाषेची आहे. अंबाबाईच्या दर्शनाला कर्नाटकातून मोठ्या संख्येने भाविक येतात, आणि मंदिर परिसरात आमच्याभोवती जमणाऱ्यांत अनेकांना मराठी वाचता येत नाही. गेल्या मार्गशीर्षात एक कानडी आजी मुलाच्या कपाळावर अंगारा लावण्यासाठी पुन्हा पुन्हा पुढे येत होत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, आणि 'हात लावू नका' हे त्यांना समजेल असे सांगण्याचा कोणताही मार्ग माझ्याकडे नव्हता. कार्डे आता संपत आली आहेत. पुढच्या छपाईत मागची बाजू मराठी आणि कन्नड अशी दोन भाषांत असेल. आमच्या शेजारच्या काकू निपाणीच्या आहेत, त्यांनी तीन ओळी कन्नडमध्ये लिहून दिल्या आहेत आणि 'हात लावू नका' हे वाक्य वडीलधाऱ्या माणसाला वाईट वाटणार नाही अशा शब्दांत बसवायला त्यांनी दोन दिवस घेतले. छापखान्यात कन्नड अक्षरांचा फॉन्ट आहे, हे मी सोमवारी विचारून आले.